रोममधलं बारोक : उभं कुठे राहायचं

गुरुवार

व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या चौकात ओबेलिस्क (उंच दगडी सुळका) आणि कारंजं यांच्या मधे, दोन्ही बाजूंना, जमिनीत एकेक गोल दगडी चकती बसवलेली आहे. गर्दीत ती सहज नजरेतून सुटते. तिच्यावर उभं राहून जवळच्या खांबांकडे पाहिलं की चार रांगांतले खांब एकामागे एक दडतात आणि एकच रांग उरते. एक पाऊल बाजूला सरकलं की मागचे खांब पुन्हा डोकावायला लागतात. ताई तिथे बराच वेळ पुढे-मागे करत होती. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. साताऱ्याला शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली. "अगं, हे केंद्र आहे. सगळ्या रांगा इथूनच आखल्यात," ती म्हणाली, आणि मला हाताला धरून चकतीवर उभं केलं.

एकूण २८४ खांब, त्यांच्या जोडीला ८८ चौकोनी स्तंभ, वर १४० संतांचे पुतळे. १६५६ ते १६६७ या काळात, पोप सातवा अलेक्झांडर गादीवर असताना, शिल्पकार आणि वास्तुकार जान लोरेन्झो बेर्निनीनं हे उभं केलं. खांबांच्या या दोन कमानी म्हणजे भाविकांना कवेत घेणारे चर्चचे हात, अशी त्याची स्वतःची कल्पना. पण मला त्या हातांपेक्षा ती चकती महत्त्वाची वाटते. बारोकबद्दल, म्हणजे युरोपातल्या सतराव्या शतकाच्या कलाशैलीबद्दल, सर्वसाधारण समज असा की ते सोन्यानं, देवदूतांनी आणि वळ्यावळ्यांच्या नक्षीनं खच्चून भरलेलं असतं. सोनं असतंच. पण ही कला पाहणाऱ्याला हिशेबात धरून रचलेली आहे. तो कुठून येणार, कुठे थांबणार, त्याची मान किती वर जाणार, याचा विचार दगडाला हात लावण्याआधी झालेला असतो. पूर्ण आठवडा रोममध्ये मी हेच पाहत होते आणि हेच इथे सांगणार आहे.

सुरक्षा तपासणीची रांग संपवून आत गेलो. मधल्या दालनातून चालताना समोर घुमटाखाली बेर्निनीचं ब्राँझचं छत्र दिसतं. १६२४ला सुरू झालं, १६३३ला खुलं झालं. चार पिळदार खांब, उंची सुमारे २९ मीटर. जवळ गेल्यावर खांबांवर लॉरेलची पानं आणि पानांत बसलेल्या मधमाश्या सापडतात. तीन मधमाश्या हे पोप आठवा अर्बन याच्या बार्बेरिनी घराण्याचं चिन्ह. याच पोपनं पॅन्थिऑन या रोमन काळातल्या मंदिराच्या ओवरीतलं प्राचीन ब्राँझ उपसून काढलं. त्यातलं बहुतेक तोफा ओतायला गेलं, तरी लोकांनी म्हण करून टाकली : रानटी टोळ्यांनी जे केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं.

छत्र मोठं आहे हे फोटोतही कळतं. फोटोत कळत नाही ते असं, की दालनातून पुढे जाताना त्या चार खांबांच्या चौकटीत पार पाठीमागच्या भिंतीवरचं सेंट पीटरचं सिंहासन बसतं, आणि त्याच्यावरची कबुतराची पिवळी खिडकी बरोबर मधोमध येते. सिंहासन पूर्ण झालं १६६६मध्ये, म्हणजे छत्रानंतर तेहतीस वर्षांनी. बेर्निनीनं तरुणपणी चौकट केली आणि उतारवयात तिच्यात चित्र बसवलं.

बाहेर आल्यावर मात्र एक गोष्ट खटकते. मायकेलअँजेलोचा घुमट चौकातून जवळ जावं तसा बुडत जातो, कारण नंतरचा वास्तुकार कार्लो मादेर्नोनं दालन लांबवलं आणि पुढे रुंद दर्शनी भिंत उभी केली. हे लक्षात ठेवलेलं बरं, दुसऱ्या दिवशी नवोनाला उपयोगी पडलं.

शुक्रवार

सकाळी सान लुईजी दे फ्रांचेझी. रोममधल्या फ्रेंच लोकांचं हे चर्च. डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात चित्रकार काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत, तिन्ही सेंट मॅथ्यूवर. कोनाड्यात अंधार असतो. खांबाजवळच्या पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात, ठरावीक वेळानं खटकन बंद होतात, मग गर्दीतला दुसरा कोणीतरी खिसा चाचपतो. फ्रेंच, कोरियन, ब्राझिलियन, सगळे आळीपाळीनं एकमेकांसाठी उजेड विकत घेत होते.

'मॅथ्यूला बोलावणं' हे चित्र डाव्या भिंतीवर आहे, १५९९-१६०० मधलं. जकात वसूल करणारा मॅथ्यू टेबलाशी पैसे मोजत बसलेल्या टोळक्यात. उजवीकडून ख्रिस्त येतो, हात पुढे करतो. त्याचा चेहरा अर्धा अंधारात. उजेडाचा तिरका पट्टा त्याच्या डोक्यावरून भिंतीवर पडून टेबलापर्यंत येतो. पुस्तकात हे चित्र आपण समोरून पाहतो. प्रत्यक्षात कठड्यापाशी उभं राहून तिरकं पाहावं लागतं, आणि तिथून तो उजेड वेदीवरच्या खऱ्या खिडकीतून आल्यासारखा वाटतो. रंगातला प्रकाश आणि खोलीतला प्रकाश एकाच दिशेचा ठेवलाय. टेबलाच्या टोकाला एक पोरगा मान खाली घालून नाणी मोजतोय, त्याला काही पत्ताच नाही. मी त्याच्याकडेच पाहत राहिले. ख्रिस्त येऊन उभा राहिला तरी वर न पाहणारा माणूस चित्रात ठेवायचा, हे धाडस मला त्या प्रकाशाइतकंच मोठं वाटतं.

तिथून पाच मिनिटांवर सांत आगोस्तीनो. तिथे काराव्हाज्जोची 'लोरेतोची मॅडोना' आहे. दारात बाळाला घेऊन उभी असलेली मरिया आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेले दोन गरीब यात्रेकरू. पुरुषाचे अनवाणी, मळलेले तळवे थेट आपल्याकडे आलेले आहेत. वेदीपुढे आपण गुडघे टेकले तर ते बरोबर डोळ्यांसमोर येतात. म्हणजे चित्रातल्या रांगेत आपला नंबर त्या दोघांच्या मागे. ज्यांनी पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय पाहिलेत त्यांना या तळव्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

प्रोटेस्टंट बंडानंतर कॅथलिक चर्चनं ट्रेंटला १५४५ ते १५६३ अशी परिषद भरवली. मूर्ती आणि चित्रं ठेवायची, पण ती अडाण्यालाही समजली पाहिजेत आणि त्याच्या भक्तीला हात घालणारी असली पाहिजेत, असं तिथे ठरलं. त्या ठरावाचं इतकं खरं उत्तर दुसरं कोणतं मला दिसलं नाही. सोनं नाही, देवदूतांची झुंबड नाही, फक्त मळलेले पाय.

दुपारनंतर पियात्झा नवोना. मधोमध बेर्निनीचं चार नद्यांचं कारंजं, १६४८ ते १६५१. चार खंडांच्या चार नद्या : युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची रिओ दे ला प्लाता आणि आशियाची गंगा. आमची गंगा! दाढीवाला धिप्पाड पुरुष, हातात लांब वल्हं, मांडीपाशी विळखा घालून सापासारखा प्राणी. क्लोद पूसँ नावाच्या शिल्पकारानं तो कोरला. ताईनं त्याला हात जोडले. युरोपात नद्या पुरुषरूपात दाखवायची पद्धत रोमन काळापासूनची, आणि वल्हं यासाठी की गंगेतून नावा चालतात. तेवढी माहिती त्यांच्यापर्यंत पोचली होती. नाईलचं डोकं कापडानं झाकलेलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा त्यांना माहीत नव्हता.

कारंज्याची खरी करामत खाली आहे. ओबेलिस्कचं ते प्रचंड वजन भरीव चौथऱ्यावर ठेवलेलं नाही. खडक आतून पोकळ आहे, चारही बाजूंनी आरपार दिसतं. खाली वाकून पाहिलं की पलीकडची माणसं आणि पाणी दिसतं, आणि डोक्यावर दगडाचा सुळका अधांतरी असल्याचा भास होतो. बेर्निनीनं हे मुद्दाम केलं. पोप दहावा इनोसंट खूश झाला. पण कारंज्यासाठी कर बसले, त्या वर्षांत रोममध्ये पाव महाग होता, आणि आम्हाला कारंजी नकोत, पाव हवा, अशा चिठ्ठ्या लोकांनी चिकटवल्या. हा रागही या कारंज्याच्या इतिहासातच धरायला हवा.

समोरच सांत आन्येझे हे चर्च. त्याची दर्शनी भिंत आत वळवलेली आहे. ती कल्पना वास्तुकार फ्रांचेस्को बोरोमिनीची. १६५३ ते १६५७ तो या कामावर होता. भिंत मागे वळल्यामुळे घुमट पुढे येतो, अगदी पायऱ्यांपाशी उभं राहिलं तरी झाकला जात नाही. काल सेंट पीटर्सला जे खटकलं होतं त्याचं उत्तर इथे मिळालं. बेर्निनीच्या नदीनं बोरोमिनीच्या चर्चला घाबरून हात वर केलाय, असं गाईड लोक सांगतात. ते खोटं आहे. कारंजं आधी झालं, चर्चचं काम १६५२ला सुरू झालं.

शनिवार

इल जेझू, जेझुइट या कॅथलिक साधुसंघाचं मुख्य चर्च. १५६८मध्ये विन्योलाच्या आराखड्यानुसार काम सुरू झालं, जाकोमो देल्ला पोर्तानं दर्शनी भाग केला, १५८४ला चर्च खुलं झालं. आत बाजूच्या ओवऱ्या नाहीत, एकच रुंद दालन, म्हणजे प्रवचन सगळ्यांना ऐकू जावं आणि वेदी सगळ्यांना दिसावी. तेव्हा आतून ते बरंच साधं होतं. आज दिसतो तो झगमगाट शंभर वर्षांनंतरचा.

छतावर बाचिच्चोचं 'येशूच्या नामाचा विजय', १६७६-७९. नामाच्या तेजाकडे संत वर खेचले जातात आणि पाखंडी खाली कोसळतात. कोसळणारे चौकटीत मावत नाहीत, त्यांचं ओझं सोनेरी चौकट ओलांडून छताच्या नक्षीवर सांडलंय. त्यांची सावलीसुद्धा नक्षीवर पडते, आणि ती सावली रंगवलेली आहे! मान अवघडू नये म्हणून दालनात तिरका आरसा ठेवलाय. त्यात पाहिलं की चित्र नीट दिसतं, पण अंगावर येत नाही. मान वर करूनच पाहावं.

उजव्या हाताच्या दालनात सेंट फ्रान्सिस झेवियरची वेदी आहे. वर कार्लो मारात्ताचं चित्र : चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर झेवियरचा मृत्यू. ते वर्ष १५५२. खाली सोनेरी पात्रात त्याच्या उजव्या हाताचा कोपरापासून पुढचा भाग, काचेतून हाडं दिसतात. देह १५५४ला गोव्यात आणला गेला. हा हात १६१४मध्ये काढून रोमला पाठवला. जुन्या गोव्यात बॉम जेझूला गेलेल्या प्रत्येकानं चांदीच्या पेटीतला तो देह लांबून पाहिलेला असतो. त्याचा उजवा हात इथे आहे हे मी वाचलं होतं. समोर उभं राहिल्यावर घसा दाटून आला, याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या आजोळी, दोडामार्गकडे, गोंयच्या सायबाला नवस बोलणारी हिंदू घरं होती, आणि त्या घरांतल्या बायकांची आठवण आली.

देवाणघेवाण उलट दिशेनंही झाली. बॉम जेझूतली थडग्याची ती रंगीत संगमरवरी बैठक फ्लॉरेन्समध्ये घडली. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची ती देणगी, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराचं काम, आणि गोव्यात ती १६९८मध्ये बसली. जांभ्या दगडाच्या उघड्या भिंतींच्या आत अस्सल इटालियन बारोक आपल्याकडे तीनशेहून अधिक वर्षं उभं आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी नजर जरा पेटीखालीही वळवावी.

संध्याकाळी साडेपाचला पुन्हा इल जेझूत आलो. डाव्या बाजूला जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची वेदी आहे, आंद्रेआ पोझ्झोनं १६९५ ते १६९९ मध्ये केलेली, खांबांना निळा लाजवर्द जडवलेला. रोज या वेळी दिवे मंद होतात, संगीत सुरू होतं, वेदीवरचं मोठं चित्र हळूहळू खाली सरकतं आणि मागच्या कोनाड्यातून चंदेरी मूर्ती प्रकट होते. मूळ मूर्ती चांदीची होती; अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांची खंडणी भागवायला ती वितळवली गेली. चित्र खाली सरकवण्याची ही युक्ती पोझ्झोचीच. याला नुसतं नाटक म्हणून सोडून देणारे लोक भेटतात. कीर्तनात बुवा पूर्वरंग रंगवून मग आख्यान लावतात, ते ऐकत वाढलेल्या माणसाला नाटक आणि भक्ती यांत भांडण दिसत नाही.

या दोन भेटींच्या मधे सांत इन्यात्झिओ पाहिलं. तिथेही पोझ्झो. चर्चला घुमट बांधायचा राहिला, तेव्हा १६८५मध्ये त्यानं सुमारे १७ मीटर व्यासाच्या कॅनव्हासवर घुमट रंगवून छताला लावला. पुढे दालनाच्या छतावर इग्नेशियसचं स्वर्गारोहण रंगवलं आणि खऱ्या भिंतींवर चित्रातले खांब, कमानी असे चढवले की छत संपतं कुठे हे कळेना. हे कसं केलं ते त्यानं स्वतःच्या यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) ग्रंथात सांगून ठेवलंय : छताखाली दोऱ्यांची जाळी ताणायची, पाहणाऱ्याचा डोळा जिथे असेल तिथून प्रत्येक दोरीची रेघ वर नेऊन वक्र छतावर आखायची. तो डोळा जिथे धरला ती जागा जमिनीवर संगमरवरी गोल चकतीनं दाखवली आहे. तिच्यावरून खांब ताठ उभे दिसतात. तिथून चालत वेदीकडे गेलो तर तेच खांब कलंडायला लागतात, आणि रंगवलेला घुमट एका बाजूला वाकडा होतो.

फोटोसाठी इथल्या आरशापुढे लांबलचक रांग होती. चकती मोकळी होती. ताई तिच्यावर उभी राहून छतावर स्त्रीरूपात रंगवलेले चारही खंड शोधत होती. आशिया उंटावर बसलेली सापडली.

रविवार

सांत इवो हे बोरोमिनीचं चर्च बहुधा फक्त रविवारी सकाळी उघडतं, म्हणून रविवार त्याच्यासाठी राखला होता. रोमचं विद्यापीठ १९३५पर्यंत याच वाड्यात होतं. चौकाच्या टोकाला चर्च, वर गोगलगाईच्या शंखासारखा पिळत गेलेला कळस. आराखडा दोन एकमेकांत अडकलेल्या त्रिकोणांचा. कोपरे एकाआड एक आत आणि बाहेर वळवलेले. भिंतीच्या रेषा कुठेही न तुटता सरळ घुमटात चढतात आणि वर जाता जाता निवळत शेवटी एका शुद्ध वर्तुळात मिळतात. रंग फक्त पांढरा, किंचित सोनं. बारोक म्हणजे भरगच्च असं ज्याला वाटतं त्यानं इथे यावं.

दुपारी बोर्गेझे संग्रहालय. आधी तिकीट काढावं लागतं आणि दोन तासांनी बाहेर पडावं लागतं. 'अपोलो आणि डॅफ्नी' (१६२२-२५) खोलीच्या मधोमध आहे, सगळे चारी बाजूंनी फिरतात. पूर्वी ते भिंतीजवळ असं ठेवलं होतं की आत येणाऱ्याला आधी अपोलोची पाठ दिसे. म्हणजे धावणारा माणूस, त्याचा उडणारा शेला. मग त्यानं गाठलेली मुलगी. आणि आणखी पुढे आल्यावर तिच्या बोटांतून फुटणारी पानं. गोष्ट पावलापावलानं घडत असे. मी दारापर्यंत मागे गेले आणि अपोलोच्या पाठीकडून पुन्हा चालत आले, आणि गोष्ट खरंच घडली. ती पातळ पानं जुलिआनो फिनेल्ली या मदतनिसानं कोरली. खिडकीचा उजेड त्यांतून आरपार येतो. त्याचं नाव फार थोड्यांना माहीत असतं.

सोमवार

पाऊस. बरीचशी ठिकाणं बंद. सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया तेवढं पाहिलं.

१६४६मध्ये सेंट पीटर्सवरचा बेर्निनीचा घंटामनोरा तडे गेल्यामुळे पाडला गेला आणि नव्या पोपची त्याच्यावर मर्जी राहिली नाही. अशा दिवसांत कार्डिनल कोर्नारोनं त्याला आपल्या कुटुंबाच्या कोनाड्याचं काम दिलं. त्यातून 'सेंट तेरेसाची भावसमाधी' हे शिल्प घडलं, १६४७-५२. देवदूताच्या हातात सोनेरी बाण, ढगावर मागे कलंडलेली तेरेसा, चेहरा वर, डावा पाय अधांतरी. वर लपवलेल्या खिडकीतून उजेड सोनेरी कांबींवरून खाली उतरतो. पावसामुळे तो त्या दिवशी मंद होता. दोन्ही बाजूंना सज्जांमध्ये कोर्नारो घराण्यातले पुरुष कोरलेले आहेत. कुणी पोथी वाचतोय, कुणी चर्चा करतोय, आणि समोर काय चाललंय त्याकडे फार थोड्यांचं लक्ष. तेरेसानं आत्मचरित्रात बाणाच्या वेदनेबद्दल आणि त्या वेदनेतल्या गोडव्याबद्दल जे लिहिलं ते बेर्निनीनं अक्षरशः घडवलंय. यावर लोक कुजबुजत, हसत फोटो काढतात. विराण्या वाचलेल्या मराठी माणसाला या चेहऱ्याचं कोडं पडू नये.

मंगळवार

क्विरिनालेच्या रस्त्यावर दोन लंबगोल चर्च, एकमेकांपासून चालत तीन-चार मिनिटांवर. आधी बेर्निनीचं सांत आंद्रेआ, जेझुइट उमेदवारांसाठी बांधलेलं. लंबगोल आडवा आहे, त्यामुळे दारातून आत पाऊल टाकताच वेदी जवळ येते. गुलाबी संगमरवर, वेदीवर सेंट अँड्र्यूच्या हौतात्म्याचं चित्र, आणि वरची कमान फोडून ढगावर बसून निघालेला त्याचा पांढरा पुतळा. म्हातारपणी बेर्निनी इथे येऊन बसायचा आणि या कामानं मला थोडं समाधान दिलं असं म्हणायचा, असं त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय.

मग सान कार्लो. बोरोमिनीचं स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम. १६३४ला स्पॅनिश त्रिनितेरियन साधूंनी बोलावलं तेव्हा त्यांच्याकडे पैसे नव्हते. त्यानं मोबदला घेतला नाही. जागा इतकी लहान की अख्खं चर्च सेंट पीटर्सच्या घुमटाखालच्या एका खांबात मावेल म्हणतात. भिंती आतबाहेर वळत जातात, सोळा खांब त्यांना धरून आहेत, आणि वर लंबगोल घुमट. तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कोरलेला : क्रूस, षट्कोन, अष्टकोन एकमेकांत बसवलेले, वर जाताना लहान होत गेलेले, त्यामुळे आहे त्यापेक्षा उंच वाटतो. घुमटाच्या बुडाशी खिडक्या लपवल्या आहेत, आणि सगळा उजेड खालून उमलतो. टोकाला त्रिकोणात कबुतर.

ताई बाकावर बसून वहीत काढत होती. "दोन समभुज त्रिकोण घे, एक बाजू समाईक. दोघांत एकेक वर्तुळ. मग ही कमान इथून, ती कमान तिथून. झाला लंबगोल." तिनं वही माझ्यापुढे धरली. "दोरी आणि खुंटी असली की गवंडी जमिनीवर आखू शकेल." बोरोमिनी दगड फोडणाऱ्यांच्या गावचा, स्वतः दगडकामातून वर आलेला. बेर्निनीला पोप आणि राजे बोलवत. हा कारागिरांच्यात राहिला. मला विचाराल तर रोममधलं बारोक बेर्निनीशिवाय कळणार नाही, पण जीव जडतो तो बोरोमिनीवर. बेर्निनी आपल्याला जागेवर उभं करून दाखवतो. बोरोमिनी उभं राहू देत नाही; भिंतच वळते, मग डोळा वळतो, मग आपण.

बाहेरची दर्शनी भिंत १६६५ला सुरू झाली. १६६७च्या उन्हाळ्यात त्यानं निराशेच्या भरात स्वतःच्या तलवारीवर अंग टाकलं आणि त्यातच तो गेला. भिंत त्याच्या पुतण्यानं पुरी केली. ती चौकात नाही, चार कारंज्यांच्या अरुंद नाक्यावर आहे. बस आणि स्कूटर अंगावरून जातात, समोर मागे सरकायला जागा नाही. सगळी भिंत एका नजरेत बसतच नाही, आणि बोरोमिनीनं ते ओळखूनच ती लाटेसारखी आतबाहेर वळवली आहे : खालून, तिरकं, चालता चालता पाहायची म्हणून. आम्ही नाक्याच्या चारही कोपऱ्यांवर जाऊन पाहिली, प्रत्येक ठिकाणी वेगळी.

ग्वारिनो ग्वारिनी हा थिएटाइन साधू १६३९ ते १६४७ रोममध्ये शिकत होता, म्हणजे सान कार्लोचं बांधकाम त्याच्या डोळ्यांदेखत झालं. पुढे तुरिनला त्यानं सान लोरेन्झोचा घुमट बांधला, एकमेकांना छेदणाऱ्या कमानींचा, मधे उजेडाला मोकळा अष्टकोन सोडून. रोमहून रेल्वेनं साधारण साडेचार तास. ताईनं वहीच्या पुढच्या पानावर आठ टिंबं काढून ती जोडायला घेतली होती, मी गुरुवारची गाडी शोधत होते.